उभ्या पडद्याचे कपाट : सुतार आणि वायरमन बांधवांसाठी एक नवे काम

कापडाच्या धंद्यात नवीन आलेल्या माणसाला पहिल्या वर्षीच एक धडा मिळतो. ऑर्डरच्या चिठ्ठीवर रंग लिहिला, मीटर लिहिले, भावही लिहिला, पण पन्हा लिहायचा राहिला, तर माल परत येतो. घेणारा म्हणतो, मी ५८ इंची सांगितला होता. देणारा म्हणतो, तुम्ही फक्त कापड सांगितले होते. दोघेही खोटे बोलत नसतात आणि तरी तोटा होतोच. हाच तोटा गेल्या वर्षी मी लाकडाच्या कामात पाहिला. ज्या कामात तो झाला ते काम आपल्या सुतार, वायरमन आणि सनमायका लावणाऱ्या कारागिरांना उपयोगी पडण्यासारखे आहे, म्हणून आज कापड बाजूला ठेवून त्याविषयी लिहीत आहे.

काम असे : जुन्या व्हिडिओ गेमचे कपाट घरात बनवणे. १९८० आणि १९९० च्या दशकांत आपल्या शहरांत गेमची दुकाने होती. नाणे किंवा टोकन टाकायचे आणि उभे राहून विमानाचा खेळ खेळायचा. ती दुकाने बहुतेक बंद झाली. पण त्या वेळची मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, कमावती आहेत, आणि त्यांच्यातील काहींना ते कपाट आता स्वतःच्या घरात हवे आहे. फार मोठा बाजार आहे असे मी म्हणणार नाही. मात्र जो गिऱ्हाईक येतो तो चांगल्या कामाचे पैसे देतो, आणि ही वस्तू कारखान्यातून खोक्यात बंद होऊन येणाऱ्या फर्निचरसारखी गल्लोगल्ली मिळत नाही.

काय घडले

आमच्या भिवंडीत आमच्याच गल्लीत एक मिस्त्री आहेत. एके काळी त्यांच्या हाताखाली सहा माणसे होती, आता दोन आहेत. तयार किचन, तयार वॉर्डरोब यांनी त्यांचे निम्मे काम नेले. माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याला हे कपाट हवे होते. मी मिस्त्रींचे नाव सुचवले. लाकूड, सनमायका आणि मजुरी मिळून १४,५०० रुपयांत ठोक काम ठरले, आणि तेही फोनवर.

भाचा म्हणाला, "चाचा, उभं मशीन पाहिजे." मिस्त्रींनी वहीत लिहिले, "उभे." भाच्याने कोणत्या तरी ऑफिसातून निघालेला २२ इंची रुंद मॉनिटर पाठवून दिला. मिस्त्रींनी आठ दिवसांत कपाट उभे केले. सांधे घट्ट, कडा गुळगुळीत, सनमायका एकसारखी. काम बघून मला समाधान वाटले.

रविवारी भाचा आला. कपाटाकडे पाहून गप्प झाला. मग म्हणाला, "चाचा, पडदा आडवा बसवलात. मी उभं सांगितलं होतं."

मिस्त्री म्हणाले, "बेटा, कपाट उभंच आहे की. साडेपाच फूट आहे, मोजून घे."

दोघांचे बरोबर होते. भाच्याच्या मनात पडदा उभा होता, मिस्त्रींच्या मनात कपाट उभे होते. टीव्ही जसा बसतो तसा मॉनिटर आडवा धरून मिस्त्रींनी त्याच्यासाठी १४ इंच उंचीची जागा ठेवली होती. तोच मॉनिटर उभा केला तर वीस इंचांहून जास्त उंची लागते. नुसती समोरची फळी बदलून भागणार नव्हते, कारण दोन्ही बाजूंच्या फळ्यांचा आकारच त्या १४ इंचांच्या हिशेबाने कापलेला होता. प्लायचा अख्खा शीट वाया गेला आणि दोन माणसांची चार दिवसांची मजुरी पाण्यात गेली.

हे खेळ उभे का असतात?

ही चूक टाळायची तर कारागिराने खेळ थोडा समजून घेतला पाहिजे. खेळता आले पाहिजे असे नाही, पण वस्तू कशासाठी आहे ते कळले पाहिजे.

या खेळांचे घर जपान. ताइतो या कंपनीने १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' आणला. तो तोमोहिरो निशिकादो यांनी तयार केला होता. तोफ खाली, शत्रू वर, आणि शत्रू एक एक पायरी खाली उतरतो. सुरुवातीच्या यंत्रांत पडदा कृष्णधवल होता, आणि त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावून रंगाचा भास निर्माण केला जाई. पुढे नामको कंपनीचे 'गॅलॅक्सियन' १९७९ मध्ये आणि 'गॅलागा' १९८१ मध्ये आले. कॅपकॉमचा '१९४२' हा विमानाचा खेळ १९८४ चा, आणि सेइबु काइहात्सु कंपनीचा 'रायडेन' १९९० चा. तोआप्लान ही कंपनी अशाच खेळांसाठी नावाजलेली होती. ती १९९४ मध्ये बंद पडली. तिच्यातून बाहेर पडलेल्या लोकांच्या केव्ह या कंपनीने १९९५ मध्ये 'दोनपाची' आणि १९९७ मध्ये 'दोदोनपाची' काढला. या शेवटच्या खेळांत पडदा गोळ्यांनी भरून जातो आणि त्यांच्या मधल्या फटीतून विमान काढावे लागते.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. शत्रू वरून येतो आणि आपण तळाशी असतो. गोळी दिसल्यापासून आपल्यापर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तोच खेळणाऱ्याचा विचार करण्याचा वेळ. पडदा जितका उंच, तितका हा वेळ जास्त. म्हणून या यंत्रांत चित्रनळी आडवी न ठेवता काटकोनात फिरवून उभी बसवलेली असे. चित्राची रुंदी ३ तर उंची ४, असे ते प्रमाण. जपानी भाषेत उभ्याला 'ताते' म्हणतात, आणि या खेळांच्या शौकिनांत 'ताते' म्हटले की पडदाच उभा, दुसरा अर्थ नाही. आपल्या 'उभा' शब्दाला मात्र दोन अर्थ निघाले, आणि त्याचे मोल एका प्लायच्या शीटने चुकवावे लागले.

जपानी कारखानदारांनाही हा प्रश्न होताच. त्याच कपाटात आज आडवा खेळ, उद्या उभा. म्हणून ताइतोच्या एग्रेट-२ या कपाटात पडदा फिरवता येईल अशी रचना केलेली होती. २०२२ मध्ये त्याच कपाटाची छोटी, टेबलावर ठेवायची प्रतिकृती बाजारात आली, तिचाही पडदा फिरतो.

पडदा आधी, करवत नंतर

या कामाचा पहिला नियम हा, की मॉनिटर हातात आल्याशिवाय लाकडाला करवत लावू नये. कपाट पडद्याभोवती बनते, पडदा कपाटासाठी बनत नाही.

आजचा नेहमीचा २४ इंची रुंद मॉनिटर घ्या. त्याचा दिसणारा भाग साधारण २०.९ इंच लांब आणि ११.८ इंच रुंद असतो. तो आडवा ठेवून उभा खेळ लावला, तर चित्राची उंची ११.८ इंच आणि रुंदी फक्त पावणेनऊ इंच मिळते. दोन्ही बाजूंना काळे पट्टे. तोच मॉनिटर उभा केला, तर चित्र ११.८ इंच रुंद आणि १५.७ इंच उंच होते. क्षेत्रफळ काढून पाहा : आडव्यात सुमारे १०४ चौरस इंच, उभ्यात सुमारे १८५. मॉनिटर तोच, किंमत तीच, फक्त फिरवल्याने चित्र पाऊणपटीहून थोडे अधिक वाढले. कापडवाल्यांना हे सांगायला नको. पन्हा बघून तुकडा फिरवला की त्याच कापडात जास्त माल निघतो.

जुने, कमी रुंद मॉनिटर मिळाले तर आणखी चांगले. पूर्वी ऑफिसांत २० इंची, १६०० बाय १२०० ठिपक्यांचे मॉनिटर वापरात होते. तो उभा केला की रुंदीत १२०० आणि उंचीत १६०० ठिपके होतात. 'दोदोनपाची'चे मूळ चित्र २४० बाय ३२० ठिपक्यांचे आहे. म्हणजे मूळचा एक ठिपका बरोबर पाच बाय पाच ठिपक्यांत बसतो, आणि चित्र काठापासून काठापर्यंत स्वच्छ दिसते. १९ इंची, १२८० बाय १०२४ चा मॉनिटरही चालतो. त्यात तेच चित्र चौपट होऊन बसते, बाजूला फक्त ३२-३२ ठिपक्यांची बारीक काळी कड राहते.

मॉनिटरच्या पाठीमागे चौकोनात चार भोके असतात, १०० मिलिमीटर किंवा ७५ मिलिमीटर अंतरावर. त्याला व्हेसा मोजमाप म्हणतात. चारही बाजू सारख्या असल्यामुळे मॉनिटर आडवा बसवा वा उभा, भोके जुळतात. लाकडाची एक चौरस पाटी करून त्यावर मॉनिटर चार मिलिमीटरच्या स्क्रूने कसावा, आणि ती पाटी कपाटात बसवावी. मॉनिटर पुढे-मागे बिघडला तर पाटी काढून दुसरा लावता येतो. स्क्रू जास्त लांब घेऊ नये, आत पडद्याला इजा होते.

दुसरी चूक

मिस्त्रींनी दुसऱ्यांदा कपाट कापले. पडदा उभा बसला. संध्याकाळी खेळ सुरू केला तर समोरून चित्र ठीक, पण जरा डावीकडे सरकले की काळवंडलेले. भाचा आणि मी शेजारी शेजारी उभे होतो, तर त्याला एक रंग दिसे आणि मला दुसरा.

याचे कारण मॉनिटरच्या काचेत आहे. स्वस्त आणि जुन्या मॉनिटरांत टीएन जातीचे पॅनल असते. त्याच्याकडे डाव्या-उजव्या बाजूने पाहिले तर फारसे बिघडत नाही, पण वरून-खालून पाहिले की रंग पालटतो. टेबलावर आपण वरून-खालून पाहत नाही, म्हणून दोष लपतो. मॉनिटर उभा केला की त्याची वरची-खालची बाजू डावी-उजवी होते आणि तोच दोष समोर येतो. आयपीएस जातीच्या पॅनलमध्ये हा त्रास जवळजवळ नाही.

यावर उपाय सोपा आहे. जुना मॉनिटर घेताना दुकानातच तो चालू करून हातात उभा धरावा, पांढरे चित्र लावावे आणि डावीकडून, उजवीकडून पाहावे. कापड घेताना आपण ते उजेडात धरतो, तसेच हे. पैसे त्यानंतर द्यावेत.

काही शौकीन जुनी चित्रनळीच मागतात, कारण मूळ यंत्रात तीच होती. आपल्या कारागिरांनी या फंदात पडू नये असे मी आग्रहाने सांगेन. रंगीत चित्रनळीत २० हजार व्होल्टहून जास्त दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो आत साठून राहतो. ज्याने हे काम शिकलेले नाही त्याने तिचे मागचे झाकण उघडू नये. शिवाय तिचे वजन मोठे, आणि ती उभी फिरवली की पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे रंगाचे डाग पडतात, ते काढावे लागतात.

लाकडाचे मोजमाप

दुसऱ्या वेळी जे माप धरले ते सांगतो. ८ बाय ४ फुटांचा, १८ मिलिमीटर जाडीचा एक शीट. बाजूच्या दोन फळ्या साडेपाच फूट उंच आणि दोन फूट खोल. त्या शेजारी शेजारी मांडल्या की शीटची चार फूट रुंदी भरते आणि खाली अडीच बाय चार फुटांचा तुकडा उरतो. त्यात तळ आणि मॉनिटरची पाटी, दोन्ही २० बाय २२ इंच, आणि बटणांची पाटी व वरचे झाकण, दोन्ही २० बाय १० इंच, एवढे निघते. करवतीच्या पात्याची जाडी मात्र प्रत्येक कापाला वजा धरावी, नाहीतर शेवटचा तुकडा कमी पडतो. पाठ आणि पुढचा खालचा भाग यांना जाड प्लाय लागत नाही. ९ मिलिमीटरच्या शीटचा ८ बाय २ फुटांचा उभा अर्धा भाग त्यासाठी पुरतो.

पडदा सरळ भिंतीसारखा ठेवू नये, वरची बाजू थोडी मागे झुकवावी, म्हणजे उभ्या माणसाची नजर त्यावर सरळ पडते आणि दिव्याची झळकही कमी होते. बटणांची पाटी उभ्याने खेळायची तर जमिनीपासून ३६ ते ३८ इंचांवर असावी. खुर्चीवर बसून खेळायचे तर ती बरीच खाली येते. हे गिऱ्हाइकाला आधी विचारावे, कारण त्यावर सर्व आकार ठरतो.

पाठीची फळी स्क्रूने लावावी, खिळ्यांनी आणि फेविकॉलने कायमची बंद करू नये. तळाशी आणि वर हवा खेळायला जाळी ठेवावी. आणि गिऱ्हाइकाच्या घराचा जिना आणि दरवाजा मोजून यावा. भिवंडी-मुंबईच्या जुन्या इमारतींच्या जिन्यांत साडेपाच फुटी कपाट वळत नाही. तेथे ते बटणांच्या पाटीखाली दोन भागांत करून बोल्टने जोडावे लागते.

दांडी आणि बटणे

तिसरी अडचण बटणांची आली. जपानी पद्धतीची बटणे ३० मिलिमीटरच्या भोकात बसतात. त्यांच्यात दोन जाती आहेत. एक दाबून अडकवायची, दुसरी मागून आट्याची चकती फिरवून कसायची. अडकवायची जात पातळ पत्र्यासाठी आहे. १८ मिलिमीटर जाड लाकडात तिचे कान पकडत नाहीत, आणि जोराने खेळले की बटण वर येते. म्हणून लाकडी पाटीला आट्याची बटणे घ्यावीत आणि तिच्या आट्यांना १८ मिलिमीटर पुरतात का ते बघावे. नाहीतर वर पातळ पत्रा टाकून खालचे लाकूड मोठे कोरावे.

दांडीचेही तसेच. ती खालून बसते. पूर्ण जाडीच्या लाकडाखाली लावली तर वर तिचा दांडा आखूड राहतो आणि हाताला पकड मिळत नाही. म्हणून खालच्या बाजूने राउटरने लाकूड कोरून दांडी वर घ्यावी लागते. राउटर नसेल तर पटाशीनेही होते, फक्त वेळ लागतो. आपल्या मिस्त्रींनी ते पटाशीनेच केले, आणि यंत्राने झाले असते त्याहून ते साफ झाले.

विमानाच्या खेळांना सहा-आठ बटणांची गरज नाही. गोळीचे एक, बॉम्बचे एक, आणि जास्तीचे एक, एवढी तीन पुरेत. त्यांशिवाय सुरू करण्याचे आणि नाण्याऐवजी वापरायचे अशी दोन छोटी. जास्त बटणे दिसायला भारी वाटतात, पण खर्च आणि भोके दोन्ही वाढवतात.

वायरिंग

हे काम घरातील वायरिंग करणाऱ्याला एका दिवसात समजते. प्रत्येक बटणाखाली एक छोटा स्विच असतो, त्याला दोन टोके. एका टोकाला येणारी वायर सर्व बटणांना सामाईक, एकातून दुसऱ्यात नेलेली. दुसऱ्या टोकाची वायर प्रत्येकाची वेगळी, ती एका छोट्या पाटीकडे जाते, आणि तेथून एक यूएसबी केबल संगणकाकडे. दाब फक्त पाच व्होल्ट. चार दिशांचे चार स्विच दांडीत असतातच. एखाद्या दिशेने विमान उलटे गेले तर वायर बदलली की झाले.

मूळ यंत्रांत यासाठी जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ च्या सुमारास ५६ टोकांच्या जोडणीचे एक मोजमाप ठरवून दिले होते. त्याला जामा म्हणतात. त्यामुळे एका कंपनीच्या कपाटात दुसऱ्या कंपनीचा खेळ चालू लागला, आणि दुकानदाराचा कपाट बदलण्याचा खर्च वाचला. सर्वांनी एक मोजमाप मानले की धंदा कसा वाढतो याचे हे चांगले उदाहरण आहे. आजही कोणी मूळ बोर्ड घेऊन आला तर त्याला हीच जोडणी लागते.

कपाटात २३० व्होल्टची लाइन येते, म्हणून तीन पिनांचा प्लग आणि नीट अर्थिंग असलेच पाहिजे. पाच व्होल्टच्या वायरी आणि २३० च्या वायरी एकत्र बांधू नयेत. मुले हात लावणार आहेत हे लक्षात ठेवून काम करावे.

गेमचा माल कोणाचा?

आता ज्या गोष्टीत प्रामाणिक कारागीरही नकळत अडकतो ती सांगतो. 'मेम' नावाचा एक संगणक प्रोग्राम आहे. निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने १९९७ मध्ये तो सुरू केला. तो जुन्या यंत्रांची नक्कल संगणकात करतो. हा प्रोग्राम मोफत आहे आणि वापरायला मोकळा आहे. पण त्यात चालणारे खेळ मोफत नाहीत. ते ज्या कंपन्यांचे आहेत त्यांचेच आहेत. बाजारात "दहा हजार गेम भरलेला" पेनड्राइव्ह काही शे रुपयांत मिळतो. तो कपाटात घालून विकणे म्हणजे दुसऱ्याचा माल आपल्या गाडीवर ठेवून विकणे होय.

आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि संगणकाचा प्रोग्राम त्यात येतो. धंद्यासाठी उल्लंघन केले तर कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. माहीत असून चोरीचा प्रोग्राम संगणकावर वापरणाऱ्यासाठी कलम ६३-ब वेगळे आहे. १४,५०० रुपयांच्या कामासाठी हा धोका घेण्यात शहाणपण नाही.

सरळ मार्ग उपलब्ध आहे. कॅपकॉमने २०२१ मध्ये 'आर्केड स्टेडियम' नावाने आपले जुने खेळ पुन्हा विक्रीला काढले, त्यात '१९४२' आहे आणि पडदा उभा करण्याची सोयही आहे. तोआप्लानचे काही खेळ २०२३ मध्ये संगणकासाठी रीतसर आले. ट्रेझर कंपनीचा २००१ चा 'इकारुगा'ही संगणकावर विकत मिळतो आणि उभा चालतो. गिऱ्हाइकाने हे स्वतःच्या नावावर विकत घ्यावेत. कारागिराने कपाट, पडदा, बटणे आणि वायरिंग विकावे, आणि बिलावर स्पष्ट लिहावे : गेम समाविष्ट नाहीत. कोणी दुकानात ठेवून पैसे घेऊन खेळवायचे म्हणत असेल, तर परवान्याची आणि मालकांच्या परवानगीची जबाबदारी त्याची, हेही लिहून घ्यावे.

हिशेब

दुसऱ्या कपाटाचा हिशेब असा झाला : प्लाय, सनमायका आणि किरकोळ सामान ६,५०० रुपये, मजुरी ८,०००, जुना आयपीएस मॉनिटर ३,५००, दांडी-बटणे आणि यूएसबी पाटी ३,०००, जुना संगणक ८,०००, काच, स्पीकर, पंखा आणि वायरिंगचे सामान २,५००. एकूण ३१,५००. हे आमचे भाव आहेत, तुमच्या बाजारात कमी-जास्त होतील. जपानहून आलेली अस्सल बटणे घेतली तर तो एक आकडा दुप्पट होतो. गिऱ्हाइकाला दोन्ही भाव सांगावेत आणि त्याला निवडू द्यावे.

राहिला प्रश्न वाया गेलेल्या शीटचा आणि चार दिवसांच्या मजुरीचा. मिस्त्री म्हणाले, "सेठ, काम माझ्या हातून बिघडलं, मीच भरतो." भाचा म्हणाला, "मामू, मी नीट सांगितलं नाही, मी देतो." दोघे एकमेकांवर ढकलत नव्हते, स्वतःवर घेत होते, म्हणून निवाडा सोपा झाला. शीटचे पैसे भाच्याने दिले. मजुरी मिस्त्रींनी सोसली, पण दोन मदतनिसांचा रोज मात्र त्यांनी त्याच शनिवारी पूर्ण दिला. चूक मदतनिसांची नव्हतीच. खरे सांगायचे तर चूक मध्यस्थाचीही होती. आयुष्यभर पन्हा लिहून घेणाऱ्या माझ्यासारख्याने तेवढी एक चिठ्ठी लिहवून घेतली नाही. म्हणून कपाट पुण्याला नेण्याचे टेम्पोभाडे मी भरले.

त्यानंतर भाच्याच्या दोन मित्रांनी मिस्त्रींना काम दिले आहे. आता त्यांच्या भिंतीवर एक छापील कागद लावलेला असतो आणि तो भरल्याशिवाय ते प्लाय आणत नाहीत. त्यातील प्रश्न येथे देतो, कोणीही उतरून घ्यावेत :

१. पडदा उभा की आडवा? चित्र काढून दाखवा.
२. मॉनिटर कोणता? बाहेरची लांबी, रुंदी, जाडी, मागच्या भोकांचे अंतर. मॉनिटर आमच्याकडे पोचल्यावर काम सुरू.
३. उभ्याने खेळणार की बसून?
४. बटणे किती, कोणत्या जातीची?
५. घराचा दरवाजा आणि जिना किती रुंद?
६. गेम गिऱ्हाइकाचे. मान्य असल्यास सही.
७. ठरलेली रक्कम, आगाऊ रक्कम, आणि माप बदलल्यास खर्च कोणाचा.

सात ओळींचा हा कागद आहे. मिस्त्रींची पहिली ओळ वाचून मित्रांपैकी एक हसला आणि म्हणाला, "चाचा, चित्र कशाला? उभा म्हणजे उभा." मिस्त्रींनी पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "तरी काढ."